थंड गाठ

पोळ्याच्या आदल्या रात्री माझी ड्युटी होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. साडेनऊच्या सुमारास मोटरसायकलवरून एका बाईला आणलं. पुढे दीर, मागे नवरा, मध्ये ती, आणि पिंडरीला करकचून बांधलेली दोरी. कपाशीच्या बांधावर गवत कापताना काहीतरी चावलं होतं. काय ते कोणी पाहिलं नव्हतं.

बाई पावरा. मला पावरी येत नाही. मी अमळनेरकडचा, घरात अहिराणी आणि शाळेत मराठी. त्यामुळे आमच्या आयाबाईच दुभाषी. मी विचारायचं, त्यांनी पावरीत विचारायचं, बाईने दोन शब्द बोलायचे आणि आयाबाईंनी त्याची मराठीत चार वाक्यं करून सांगायची. घोट्यापर्यंत सूज होती. हिरड्यांतून रक्त नाही, पापण्या जड नाहीत, श्वास बरा. दोरी हळूहळू सैल केली. मग दोन मिली रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली.

ही वीस मिनिटांची चाचणी. नळी काचेचीच हवी, नवी आणि कोरडी. साबणाने धुतलेली चालत नाही. वीस मिनिटं तिला धक्कासुद्धा लागता कामा नये. मग तिरकी करायची. रक्ताचा गोळा जमला असेल तर थांबायचं, लक्ष ठेवायचं. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, आणि मग एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा बाटल्या. वीज नसतानाही चालणारं इतकं विश्वासू यंत्र आमच्याकडे दुसरं नाही.

घड्याळात 9:52. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तिसऱ्यांदा.

फोन जर्मनीहून होता. त्योत्याचा. रशियनमध्ये त्योत्या म्हणजे मावशी. युक्रेनमध्ये खारकीव्हला मेडिकलला असताना साल्तिवका भागात तिच्याच घरी एका खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिलो. ती शाळेत गणित शिकवायची, पण माझ्या वाट्याला तिचं व्याकरण आलं. साखर मागताना विभक्ती चुकली तर साखर मिळायची नाही. “पुन्हा मांड,” म्हणायची, गणितातल्यासारखंच. सहाव्या वर्षी वॉर्डात पेशंटशी बोलताना मी कधी अडलो नाही, ते तिच्या त्या साखरेमुळे.

रशियाचा हल्ला सुरू झाला त्या 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे आम्ही दोघं एकाच खिडकीशी उभे होतो. पुढचे सहा दिवस इमारतीच्या तळघरात काढले. ती, तिची मुलगी, चार वर्षांचा नातू, जावई आणि मी. काकड्यांच्या लोणच्याची एक बरणी पाच जणांत. घरी फोन लागला की आई एकच सांगायची, “भाऊ, तू आते घर ये, बाकीनं मंग दखू.” 1 मार्चला कर्नाटकचा एक विद्यार्थी किराण्याच्या रांगेत उभा असताना मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाने सगळ्यांना शहर सोडायला सांगितलं. स्टेशनवर गाडीत शिरता आलं नाही, म्हणून आम्ही शहराबाहेरच्या पेसोचिनपर्यंत बर्फातून चालत गेलो. निघताना त्योत्याने माझ्या जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि म्हणाली, “जा, सिनोक. तुला जायला घर आहे.” सिनोक म्हणजे बाळा. हे वाक्य मी आईला आजवर सांगितलेलं नाही.

आठवडाभराने तीही निघाली, मुलगी आणि नातवाला घेऊन. तेव्हा 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडायची मनाई होती, त्यामुळे जावई मागेच राहिला. लविवपर्यंत उभ्याने रेल्वे, मग पोलंड, मग ड्रेस्डेनजवळचं एक गाव. कागदोपत्री ती ‘निर्वासित’सुद्धा नाही. युरोपीय संघाने 2001 साली करून ठेवलेला आणि तोवर एकदाही न वापरलेला नियम 4 मार्च 2022 ला बाहेर काढला, त्याखाली ती ‘तात्पुरत्या संरक्षणात’ आहे. ते तात्पुरतं आता मार्च 2027 पर्यंत गेलंय. आपल्याकडे लोक विचारतात, तंबूत राहते का? नाही. दोन खोल्या आहेत, नळाला गरम पाणी आहे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम आहे. आणि सहाशे तासांच्या भाषेच्या वर्गात पंचावन्नाव्या वर्षी ‘माझं नाव अमुक, मी अमुक गावची’ इथून सुरुवात आहे. नातू शाळेत जातो. आजीने रशियनमध्ये विचारलं की उत्तर जर्मनमध्ये देतो, आणि त्याच्या विभक्त्या तिला तपासता येत नाहीत. तिचं खरं दुःख बहुतेक हेच असावं.

मी फोन उचलला. सिस्टरने कपाळाला आठी घातली, ते योग्यच होतं. मी पेशंटच्या उशाशी उभा राहून, नळीवर डोळा ठेवून बोलत होतो.

नेहमी आधी जेवलास का विचारणारी त्योत्या थेट म्हणाली, “एक कागद पाठवलाय. फोन म्हणतो, माझ्या गळ्यात थंड गाठ आहे. थंड म्हणजे काय? मेलेली?”

कागद जर्मनमध्ये होता. मला जर्मन येत नाही. पण डॉक्टरांच्या कागदात निम्मं लॅटिन असतं. वरच ‘स्त्रुमा नोडोझा’ दिसलं. स्त्रुमा म्हणजे गलगंड. खाली ‘काल्टर क्नोटेन’, थंड गाठ. तिच्या फोनने शब्दाला शब्द बरोबर लावला होता.

तिच्या घाबरण्याला कारण होतं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला, 26 एप्रिल 1986 ला, तेव्हा ती शाळेत होती. किरणोत्साराने गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कॅन्सर होतो हे ऐकत आलेल्या त्या पिढीतल्या माणसाला थायरॉइड हा शब्द नुसता आजाराचा वाटत नाही.

“त्योत्या, झोब,” मी गलगंडाचा रशियन शब्द वापरून म्हणालो. “झोब आहे तुम्हाला. गाठी असलेला.”

“झोब?” पलीकडे क्षणभर शांतता. “माझ्या आजीला होता झोब. ही एवढी मान. ब्याण्णव वर्षं जगली.”

मग थंडचा अर्थ सांगितला. किरणोत्सारी औषध टोचून थायरॉइडचा फोटो काढतात. जी गाठ ते औषध ओढून घेते ती गरम, जी घेत नाही ती थंड. हात लावून कळणारा थंडपणा नव्हे. थंड गाठी बहुतेक निरुपद्रवी निघतात, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नाहीत. म्हणून सुई घालून तपासायला बोलावलंय. सुई बारीक असते. जायचंच.

“बहुतेक म्हणजे किती?” गणिताच्या बाईंनी विचारलं.

“शंभरात नव्वदच्या वर.”

“मग उरलेल्या दहाबद्दल बोल.”

मी उरलेल्या दहाबद्दल बोललो. तिला गोड बोलून फसवता येत नाही आणि मला ते रशियनमध्ये जमतही नाही. त्यातला नेहमीचा कॅन्सर हळू वाढतो, ऑपरेशनने बहुधा बरा होतो, एवढं सांगितलं. बोलताना जाणवलं की क्नोटेन, ऊझेल, गाठ, तिन्हीकडे शब्द एकच आहे, दोरीची तीच शरीरातली. समोर बाईची सोडवलेली दोरी खुर्चीवर पडली होती.

वॉर्डबॉय मामा खिडकी लावायला निघाले. मी हात वर केला. ते आहे तिथेच थबकले.

10:12. “त्योत्या, ठेवतो,” म्हणालो आणि उत्तराची वाट न बघता फोन खिशात टाकला. नळी दोन बोटांत धरली आणि तिरकी केली. रक्त काचेवरून सरळ खाली उतरलं. कुठे तारसुद्धा धरली नाही.

पुढचं सगळं ठरलेलं असतं. ॲड्रिनलिन भरून जवळ ठेवायचं, एएसव्ही सलाइनमधून तासाभरात द्यायची, अंगावर पुरळ येते का पाहायचं. बाईचा नवरा आयाबाईंना पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होता. मी विचारलं, काय म्हणतो? “विचारतो, डॉक्टर फोनवर कोणती भाषा बोलत होता? मोठ्या डॉक्टरला विचारत होता का?” मी म्हटलं, हो सांगा.

पहाटे साडेचारला दुसरी नळी घेतली. वीस मिनिटांनी तिरकी केली, तर रक्ताचा गोळा तळाशी चिकटून होता. बाई झोपली होती. बाहेर कोणीतरी बैल धुवायला नेत होतं, घुंगरं वाजत होती.

मग फोन तसाच ठेवल्याचं आठवलं. त्योत्याला लिहिलं: घाबरू नका गाठ, सुईच्या दिवशी मला कळवा. जर्मनीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उत्तर लगेच आलं, म्हणजे ती जागीच होती. सुई पुढच्या गुरुवारी. त्याखाली माझंच वाक्य उतरवलेलं, एक शब्द खोडून: “ऊझेल नव्हे, उझला. भिण्याच्या क्रियापदाला षष्ठी लागते. पुन्हा लिही.”

मी पुन्हा लिहिलं.