पोटात हत्यार घालायच्या आधी डब्यात घाला

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की पेशंटला माहीत असतंय ते एवढंच, की छोटी छिद्रं, दुखणं कमी, लवकर घरी. खानापूर, चंदगड, निपाणीकडनं पित्ताशयाच्या खड्याचे पेशंट बेळगावला येतात ते आता स्वतःच विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीनंच करणार न्हवं?" सर्जनच्या हाताला मात्र हे काम पोट उघडून करायच्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं, आणि सर्जरी शिकायला नवीन पीजी डॉक्टरांची बॅच आलीय म्हणून हा हात आधी पोटाबाहेर, साध्या डब्यावर कसा तयार करायचा ते आज लिहायचंय.

अवघड का, तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, 5 आणि 10 मिलिमीटरच्या पोर्टमधनं, म्हणजे छिद्रात बसवलेल्या नळ्यांमधनं, लांब दांड्याची इन्स्ट्रुमेंटं आत घालायची, आणि पोटाची भिंतच दांड्याचा टेकू होते त्यामुळं हात उजवीकडं नेला की टोक डावीकडं जातंय, हात वर केला की टोक खाली. बघायचं समोरच्या स्क्रीनवर, साधा कॅमेरा असेल तर चित्र सपाट, खोलीचा अंदाजच येत नाही. बोटाला स्पर्श फार कमी कळतो. परवा एक ज्युनियर म्हणाला, "सर, समोर दिसायलंय की, पण धरायला गेलो की पुढंच जायलंय." बरोबर आहे त्याचं. हा उलटा हिशोब मेंदूत बसायला वेळ लागतोच, पण तो वेळ पेशंटच्या पोटावर का काढायचा?

दुर्बिणीनं पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते 1985 साली जर्मनीत एरिक म्यूह यांनी. आपल्याकडं 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी. मग ही पद्धत इतक्या झपाट्यानं पसरली की शिकवणं मागं राहिलं, आणि सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेला इजा व्हायचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा जास्त होतं. 2002 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या सर्जननी 16 रेसिडेंटवर, म्हणजे शिकाऊ सर्जनवर, केलेला अभ्यास छापून आला. निम्म्यांना आधी व्हर्च्युअल रिॲलिटी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं ऑपरेशन करायच्या मशीनवर, तयार केलं, निम्म्यांना नाही. तयार झालेल्यांनी पित्ताशय सोडवायचं काम 29 टक्के लवकर केलं, आणि पित्ताशयाला इजा किंवा भलतीकडं चटका बसायची शक्यता न शिकलेल्यांकडनं 5 पट जास्त निघाली. अभ्यास लहान आहे, तरी मला तो प्रत्येक पीजीला वाचायला लावावासा वाटतो.

पुढं 2004 मध्ये अमेरिकेतच एफएलएस नावाचा, दुर्बिणीच्या सर्जरीचा पाया शिकवणारा कोर्स आला, आणि तिथल्या सर्जरी बोर्डानं नंतर तो सक्तीचा केला. त्यातला हाताचा भाग सगळा सरावाच्या साध्या डब्यावर: खुंट्यांवरच्या वस्तू एका हातातनं दुसऱ्या हातात द्यायच्या, गॉजवर काढलेला गोल कापायचा, लूप बांधायचा, आणि टाके घालायचे, गाठ एकदा बाहेर बांधून आत सरकवायची, एकदा आतच बांधायची. महागडं काही नाही त्यात.

म्हणून महाग सिम्युलेटर यायची वाट बघत बसू नका. ते मशीन हाताची हालचाल, वेळ, चुका मोजतं, ते चांगलंच, पण बऱ्याच मशीनमध्ये ओढल्याचा ताण हाताला नीट कळत नाही. प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला छिद्रं पाडा, आत एलईडी लाइट, वर मोबाइलचा कॅमेरा, आणि ऑपरेशन थिएटरमधनं बाद झालेली ग्रास्पर (धरायचा चिमटा), नीडल होल्डर (सुई धरायचा चिमटा) मागून घ्या. राजमा एका वाटीतनं दुसरीत टाका, द्राक्षाची साल काढा, मग ग्लोव्हच्या तुकड्यावर टाका घाला: पहिला वेढा दुहेरी, मग दोन एकेरी, आणि गाठ ओढताना ग्लोव्ह फाटला नाही पाहिजे. सगळं डाव्या हातानंही करा, कारण पित्ताशय ताणून धरायचं काम बहुतेक वेळा डाव्याचंच असतंय, आणि तोच हात आपण सगळ्यात कमी तयार करतो.

एकट्यानं करू नका एवढं मात्र सांगतो. चुकीची सवय डब्यातही लागते, म्हणून सीनियरनं आठवड्यातनं एकदा तरी शेजारी बसून बघायला पाहिजे, आणि हा वेळ ड्युटीच्या तासांत धरायला पाहिजे, रात्री थकून आल्यावर उरलेला नको. आमच्या युनिटमध्ये यासाठी बुधवारची दुपार मी मागितलीय, मिळाली की दुसऱ्या युनिटची पोरंही येऊ देत.