पगार कापला तेव्हा: २००८-०९ चा माझा अनुभव

ओळखीतली बरीच पोरं सध्या विचारतायत की कंपनी पगार कमी करतो म्हणतेय, सही करू का नको. माझ्यावर ही वेळ २००८-०९ च्या मंदीत आली होती, तेव्हा काय काय केलं ते सगळं लिहून काढतोय, कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका मध्यम कंपनीत क्वालिटीला होतो. ट्रकच्या गिअरबॉक्सचे पार्ट, जवळपास अर्धा माल जर्मनीला जायचा. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली हे टीव्हीवर बघितलं होतं पण त्याचा आपल्याशी काय संबंध असंच वाटलेलं. संबंध कळला तो शेड्यूलमधून, म्हणजे महिन्याला किती माल हवा या ग्राहकाच्या मागणीतून. दिवाळीनंतरचं शेड्यूल निम्म्यावर आलं, त्याच्या पुढच्या महिन्याचं तर आलंच नाही, पॅक केलेले क्रेट डिस्पॅचला पडून राहिले. इकडे नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सनेही पिंपरीचा प्लांट काही दिवस बंद ठेवला, म्हणजे बाहेरचंही काम गेलं आणि घरचंही.

आधी ओटी (ओव्हरटाईम) बंद झाला, मग तिसरी शिफ्ट, मग ठेकेदाराकडची पोरं. लातूर, बीड, नांदेडकडची विशी-बाविशीची पोरं, माझ्याच लाईनवर गेज लावायला शिकलेली. शनिवारी त्यांना सांगितलं सोमवारपासून येऊ नका, ना नोटीस ना काही, आठवड्याचा हिशोब हातात आणि गावाची एसटी. त्यांचं काय झालं हे मला आजही नीट माहीत नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. मंदीच्या बातम्यांत शेअर बाजार होता, आयटी होतं, ही पोरं कुठे मोजली गेली असतील असं मला वाटत नाही.

आमची पाळी जानेवारीत आली. एचआरने स्टाफला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि साहेब म्हणाले वीस टक्के कपात, परिस्थिती सुधारली की बघू. माझा ग्रॉस, म्हणजे सगळे भत्ते धरून पगार, २२,००० होता म्हणजे महिन्याला ४,४०० गेले. पर्मनंट कामगारांना युनियन होती, शिवाय औद्योगिक विवाद कायद्यात तेव्हा ले-ऑफ दिला (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं) तरी बेसिक (मूळ पगार) आणि डीएच्या (महागाई भत्ता) निम्मे पैसे देण्याची तरतूद होती. आम्ही सुपरवायझर लोक अधांतरी. तेव्हा त्या कायद्यात असं होतं की सुपरवायझरचा पगार महिना १,६०० रुपयांच्या वर असला की तो कामगार धरायचा नाही. २००९ मध्ये १,६०० कुणाला होता हो? ती मर्यादा २०१० ला १०,००० केली. मॅनेजर लोकांच्या ओळखी तरी होत्या, आम्हाला ना युनियन ना ओळखी.

युनियनमधले एक जुने भाऊ होते, रिटायरमेंटला आलेले. संध्याकाळी सायकल स्टँडपाशी त्यांना गाठलं. ते म्हणाले, "कपात थांबवता येणार नाही तुला, पण ती कशातून होतीय ते बघ. बेसिकला हात लावू देऊ नको." घरी येऊन हिशोब मांडला. माझं बेसिक ९,०००, नोकरी अकरा वर्षं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, तेव्हा काढायचे ती शेवटच्या बेसिकवर, बेसिक आणि डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ९,००० वर ती साधारण ५७,००० होत होती आणि बेसिक वीस टक्क्यांनी खाली आणून ७,२०० केलं तर ४५,७०० च्या आसपास. म्हणजे उद्या नोकरी गेलीच तर आधीच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटीही कापलेल्या पगारावर मिळणार! शिवाय पीएफ, माझे बारा टक्के आणि कंपनीचे बारा, तेही तेवढ्यावरच.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टाफमधले पाचसहा जण मिळून एचआरकडे गेलो. भांडायला नाही, आधीच ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. दोनच गोष्टी मागितल्या. सगळी कपात स्पेशल अलाउन्स आणि कन्व्हेयन्स या भत्त्यांमधून करा, बेसिक आहे तसं ठेवा. आणि लेटर द्या ज्यात मूळ ग्रॉस लिहिलेला असेल आणि कपात तात्पुरती आहे असं असेल. साहेबांना आधी पटेना, म्हणाले एवढं काय त्यात, सगळे एकाच कुटुंबातले आहोत. पण कंपनीला महिन्याचा आकडा कमी व्हायला हवा होता, तो होत होता, म्हणून शेवटी झालं. हातात थोडे कमी आले कारण पीएफ पूर्वीइतकाच कापला जात होता, ते चाललं.

घरी मी त्याच दिवशी सांगून टाकलं. बायको म्हणाली, "अहो आधी सगळं कागदावर तरी मांडू." आरडी बंद केली. एलआयसी सरेंडर करायचा विचार होता पण सरेंडरला फार कमी मिळत होते, त्याऐवजी पॉलिसीवर लोन घेऊन हप्ता भरला. कंपनीच्या पतसंस्थेचं कर्ज पगारातूनच कापलं जायचं, तिथे अर्ज करून मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. मुलाच्या शाळेची फी तीन टप्प्यांत भरायची परवानगी हिने जाऊन मिळवली, मी गेलो असतो तर जमलं नसतं. मी बाईक ठेवून पीएमपीने जायला लागलो.

सगळ्यात जड गोष्ट होती घराचं कर्ज. २००६ ला फ्लोटिंगवर (बदलत्या व्याजदरावर) घेतलेलं, वाढत वाढत १२ टक्क्यांपर्यंत गेलेलं. रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ऑक्टोबर २००८ मधल्या ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला, पेपरात रोज वाचायचो आणि माझा हप्ता मात्र जिथल्या तिथे. फेब्रुवारीत स्टेट बँकेने नव्या ग्राहकांना पहिल्या वर्षी ८ टक्क्यांनी कर्ज जाहीर केलं, म्हणजे आज येणाऱ्याला ८ आणि आम्ही इतकी वर्षं वेळेवर भरतोय ते १२ वर, याचा मला खरंच संताप आला होता. माझी बँक वेगळी होती. ब्रांचला चकरा मारल्यावर एका क्लार्क मॅडमनी सांगितलं की थोडी कन्व्हर्जन फी भरली तर जुनं कर्जही नव्या रेटला येतं, अर्ज करावा लागतो, आपोआप होत नाही. फी उसनी घेऊन भरली, रेट उतरला. हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावंच लागतं.

पैशांचं असं एकेक करून बसवता आलं. उद्या गेटवर कार्ड चालेल की नाही ही भीती मात्र कुठल्याच हिशोबात बसत नव्हती. रात्री झोप यायची नाही. मला बरं वाटलं ते नोकरी शोधायला सुरुवात केल्यावर, कुणी घेत नव्हतं तरीसुद्धा. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाईल टाकलं, चाकणला इंटरव्ह्यू दिले, आणि तिथे ते लेटर कामी आलं. सगळे विचारायचे सध्या पगार किती, मी कापलेला आकडा न सांगता लेटर पुढे करायचो, मूळ ग्रॉस इतका आणि कपात तात्पुरती. एका ठिकाणी होत आलं होतं पण त्यांचीही भरती थांबली.

डिसेंबर २००८ आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारने एक्साईज (कारखान्यातल्या मालावरचा कर) १४ वरून १० आणि मग ८ टक्क्यांवर आणली, हळूहळू इकडच्या गाड्या विकायला लागल्या, शेड्यूल परत भरायला लागलं. जर्मनीचं काम यायला जास्त वेळ लागला. पगार पूर्ववत झाला तो २०१० च्या सुरुवातीला. मधल्या काळात कापलेले पैसे परत मागितले, मिळाले नाहीत, कारण लेटरमध्ये तसं लिहून घेतलेलं नव्हतं आणि तेव्हा ते कुणी कबूलही केलं नसतं. त्या एप्रिलला इन्क्रिमेंट मात्र ९,००० च्या बेसिकवर लागलं. शेजारच्या प्लॉटमधल्या कंपनीत बेसिकच कापलं होतं, त्यांना ते जुन्या आकड्यावर आणायलाच आणखी दोन इन्क्रिमेंट गेली.