चांदीचे नाल झिजेपर्यंत

आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याकाठच्या नंदीविषयी जुनी माणसे सांगतात, की तो गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो, तांदळाएवढा मागे येतो, आणि ज्या दिवशी पाण्यात पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होईल. आयर्लंडमधील लिमरिक परगण्यातल्या लॉख गर तळ्याची लोककथा वाचताना मला हा नंदी आठवला, कारण तिथेही काळ असाच कणाकणाने मोजला जातो.

त्या तळ्यालगत ‘ब्लॅक कॅसल’ हा डेसमंड घराण्याचा पडका किल्ला आहे. डेसमंडचा अर्ल, म्हणजे तिथला बडा सरदार, मॉरिस याने स्नान करणाऱ्या ऑन्या या देवतेचे वस्त्र पळवून तिला वश केले आणि त्यांना गेरोद नावाचा मुलगा झाला; मात्र या मुलाने कितीही अद्भुत कृत्य केले तरी बापाने आश्चर्य दाखवायचे नाही, अशी अट होती. शंतनूने गंगेला काहीही विचारायचे नाही, ही महाभारतातली अट ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नकोच. एका मेजवानीत गेरोद उडी मारून बाटलीत शिरला, बाहेर आला, बाप चकित झाला, आणि मुलगा तळ्यात उतरून कलहंसाच्या रूपात पोहत निघून गेला. दर सात वर्षांनी तो चांदीचे नाल ठोकलेल्या पांढऱ्या घोड्यावरून पाण्यावर दौडतो. ते नाल पुरते झिजले की तो माणसांत परतेल.

हा गेरोद म्हणजे डेसमंडचा तिसरा अर्ल, 1398 मध्ये वारलेला. आयरिश भाषेचा वापर रोखणारे किल्केनीचे कायदे 1366 मध्ये झाले, पुढच्याच वर्षी तो इंग्लंडच्या राजाचा आयर्लंडमधील प्रमुख अधिकारी झाला, आणि तरीही तो आयरिशमध्येच कविता रचत राहिला. लोकांनी त्याला मरू दिले नाही याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

पण त्याच्या परतण्याची ओढ मला नंतरच्या इतिहासातही दिसते. त्याच नावाचा बंडखोर अर्ल 1583 मध्ये मारला गेला, त्याचे शिर लंडनला पाठवले गेले आणि घराण्याच्या जमिनी इंग्रज वसाहतवाल्यांत वाटल्या गेल्या. आपला नंदी पाण्यात पोहोचू नये असे आपल्याला वाटते. लॉख गरच्या कथेत मात्र नाल लवकर झिजावेत, हीच आस आहे.