फाउंटन म्हणा नाहीतर हुतात्मा चौक

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन फोर्टात गेले होते. वरळीला आचार्य अत्रे चौकात मेट्रोत बसलो आणि हुतात्मा चौकाला उतरलो. तिच्यासाठी ती नुसती दोन स्टेशनं, पण मला गाडीत बसल्या बसल्याच भरून आलं. ज्या अत्र्यांनी १९५६ साली 'मराठा' हे दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी रान पेटवलं त्यांच्या नावाच्या स्टेशनवरून निघायचं आणि त्याच लढ्यात माणसं जिथे पडली तिथे उतरायचं, असा प्रवास मुंबईत करता येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आमच्या घरात या जागेला फक्त 'फाउंटन' म्हणायचे. बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात होते, शनिवारी हाफ डे असला की मला सोबत न्यायचे आणि काम संपलं की आम्ही फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जायचो. पुस्तकांचे ढीग माणसाच्या उंचीएवढे, आणि मधलं पुस्तक हवं असेल तर पुस्तकवाला वरचा सगळा गठ्ठा एका हाताने तोलून धरायचा, दुसऱ्या हाताने नेमकं तेवढंच पुस्तक ओढून काढायचा, फडक्याने झटकायचा आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत अंगठ्याखाली झाकूनच ते हातात द्यायचा. बाबा आधी पुस्तक चाळायचे, किंमत नंतर. वाचायची सवय मला शाळेने नाही, त्या फुटपाथने लावली.

आता या जागेची गोष्ट. मुंबईचा किल्ला होता तेव्हा त्याला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. हे चर्च गेट आत्ता जिथे कारंजं आहे तिथेच होतं, आतल्या सेंट थॉमस कथीड्रलवरून ते नाव पडलेलं. म्हणजे आपण ज्याला चर्चगेट म्हणतो ते स्टेशन खऱ्या दरवाजापासून चांगलं लांब आहे हे मला फार उशिरा कळलं. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, शहराला श्वास घ्यायला जागा झाली, आणि १८६४ मध्ये तिथे हे कारंजं उभं राहिलं. खरंतर ते राणीच्या बागेसाठी ठरलेलं होतं आणि नावही फ्रियरचं द्यायचं होतं, पण शेवटी जागा ही मिळाली आणि नाव फ्लोराचं, म्हणजे फुलांच्या रोमन देवीचं. डिझाईन नॉर्मन शॉचं, मूर्तिकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडातून आणलेला पोर्टलँड स्टोन. खर्च ४७ हजार रुपये आणि त्यातले २० हजार एकट्या करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिलेले.

मधल्या काळात कोणीतरी या सुंदर दगडावर पांढरा ऑईलपेंट फासला होता, लहानपणी मी तेच रूप पाहिलंय आणि ते तसंच असतं असं मला वाटायचं. अलीकडे दुरुस्ती झाली, रंगाचे थर उतरवले आणि २०१९ च्या जानेवारीत कारंजं परत सुरू झालं. त्या कामाच्या वेळी खोदताना जुन्या ट्रामचे रूळ सापडले. मुंबईत ट्राम १८७४ ला घोड्यांवर सुरू झाली, १९०७ ला विजेवर आली, ३१ मार्च १९६४ ला शेवटची धावली, आणि तिचे रूळ एवढी वर्षं आपल्या पायाखाली होते. बाबा ट्रामच्या गोष्टी सांगायचे, ते रूळ बघायला ते हवे होते.

पण मला सांगायचंय ते २१ नोव्हेंबर १९५५ बद्दल. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी करायच्या घाटाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, एक जमाव चर्चगेटकडून, एक बोरीबंदरकडून, घोषणा देत सगळे फाउंटनला जमले. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. आधी लाठ्या चालल्या आणि मग गोळ्या, त्या दिवशी १५ जण गेले. पुढच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर झाल्यावर पुन्हा भडका उडाला, पुन्हा गोळीबार झाला. १०५ हुतात्मे असं आपण म्हणत आलो, नंतर यादीत आणखी नावं आली. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि पुढे चौकात हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचं स्मारक उभं राहिलं.

ती यादी मी भाचीला तिथेच फोनवर काढून वाचून दाखवली. सीताराम बनाजी पवार, जोसेफ डेव्हिड पेजारकर, चिमणलाल डी. शेठ, भास्कर नारायण कामतेकर... पुढे के. जे. झेवियर, पी. एस. जॉन, वेदीसिंग. ती मला थांबवून म्हणाली, मावशी, हे सगळे मराठी नव्हते? मी म्हटलं नव्हते, पण नावं याच यादीत आहेत आणि महाराष्ट्र मागणाऱ्यांसोबतच त्यांनीही गोळी खाल्ली. हुतात्मा चौकाचं नाव घेऊन भाषणं करणाऱ्या प्रत्येकाने आधी ही यादी मोठ्याने वाचावी असं मला अगदी मनापासून वाटतं, सगळी, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत.

आम्ही बराच वेळ तिथे होतो. लंच टाईम होता, गळ्यात आयकार्ड अडकवलेली पोरंपोरी वडापाव खात उभी होती, एक आजोबा कट्ट्यावर पेपर वाचत होते, जवळच दादाभाई नौरोजींचा पुतळा, बाजूने बसेस. स्मारकाजवळ मात्र आम्ही दोघीच होतो. कोणाला दोष द्यायचा नाहीये, मीही इतकी वर्षं पुस्तकांची पिशवी घेऊन तिथून तशीच पुढे गेलेय.

२१ नोव्हेंबरला सकाळी आम्ही परत जाणार आहोत. झेंडू आदल्या दिवशी दादरहून आणायचा ठरलाय, हार नको, सुटी फुलं, यादीतल्या प्रत्येक नावाला एक. यादी ती स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतेय, परवा फोनवर विचारत होती की पेजारकर मधला जा कसा लिहायचा.