साठ टक्के माझ्या खात्यात

2022-23 या वर्षी मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला छत्रपती संभाजीनगर येथील एका खासगी महाविद्यालयात प्रवेश घेतला. बाबा जिंतूर तालुक्यात सालगडी म्हणून काम करतात. घरातून वर्षाचे शुल्क भरणे शक्यच नव्हते, त्यामुळे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर माझे सारे शिक्षण अवलंबून होते. या योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो, एवढेच मला तेव्हा माहीत होते. बाकीचे जे कळले, ते चुका करत आणि विचारत फिरत कळले. ते इथे लिहीत आहे.

कागदपत्रे जमवण्यात फारशी अडचण आली नाही. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, बारावीची गुणपत्रिका आणि प्रवेशफेरीचे वाटपपत्र ही सर्व माझ्याकडे होती. प्रवेशाच्या दिवशी मात्र मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कार्यालयात ठेवून घेण्यात आला. कागदपत्रे तपासून लगेच परत करावीत, ती अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 सालीच अधिसूचित केले आहे, हे मला वसतिगृहातील एका ताईने सांगितले. त्या अधिसूचनेचा उल्लेख करून मी लेखी अर्ज दिला आणि अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली. चौथ्या दिवशी कागद परत मिळाले. तोंडी विनंती मी त्याआधी दोनदा केली होती. फरक पडला तो पोच घेतल्याने, असे माझे मत आहे.

खरी कसोटी परीक्षेच्या तोंडावर लागली. शिष्यवृत्तीची रक्कम आलेली नव्हती आणि शुल्क भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही, असे कार्यालयातून सांगण्यात आले. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून आगाऊ शुल्काची मागणी करू नये, अशा सूचना समाजकल्याण विभागाने महाविद्यालयांना वेळोवेळी दिलेल्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला आधी पैसे न भरता प्रवेश मिळावा, म्हणून केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाचीही तरतूद आहे. मी महाडीबीटीवरील अर्जाच्या स्थितीची प्रत जोडून प्राचार्यांना पत्र दिले आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन दिली. दोन दिवसांनी हॉल तिकीट मिळाले. आपला हक्क मागताना आवाज चढवण्याची गरज पडली नाही, परंतु त्या दोन रात्री मला झोप लागली नाही हेही खरे आहे.

अर्ज मंजूर झाल्यावरही पैसे येईनात. चौकशीअंती कळले की माझे आधार शाळेत असताना उघडलेल्या एका जुन्या खात्याशी जोडलेले होते आणि ते खाते व्यवहार नसल्यामुळे बंद पडले होते. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिला, तरी थेट लाभाची रक्कम आधार ज्या बँकेशी शेवटचे सीड झाले आहे, म्हणजे सरकारी रक्कम घेण्यासाठी जोडले गेले आहे, तिथेच जाते. बँकेत केवायसीसाठी आधार देणे आणि खाते सीड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँकेतील कर्मचारीसुद्धा अनेकदा पहिलीलाच दुसरी समजतात. मी नव्या खात्यासाठी सीडिंगचा स्वतंत्र अर्ज भरून दिला आणि आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती स्वतः पाहिली; तिथे नव्या बँकेचे नाव दिसेपर्यंत मी तिसऱ्यांदाही बँकेत गेले.

अखेर शिष्यवृत्तीतील केंद्र सरकारचा साठ टक्के वाटा, म्हणजे 60,900 रुपये, माझ्या खात्यात जमा झाला. आमच्या घरात एवढी रक्कम एकत्र कोणी पाहिली नव्हती. त्याच आठवड्यात आईच्या दवाखान्याचे बिल थकले होते आणि बाबांनी फोनवर फक्त एवढे विचारले, "त्यातले थोडे महिनाभरासाठी वापरता येतील का?" त्यांच्या विचारण्यात काही चूक नव्हती. पण त्या रकमेतील 52,800 रुपये महाविद्यालयाच्या शुल्काचे होते आणि ते सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरेन, असे हमीपत्र मी सही करून दिलेले होते. माझे म्हणता येतील ते निर्वाह भत्त्याचे 8,100 रुपये होते. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या, म्हणजे व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांच्या, गटातील विद्यार्थ्याला वर्षाला 13,500 रुपये भत्ता मिळतो, त्यातला हा केंद्राचा भाग. मी बाबांना ही फोड समजावून सांगितली. भत्त्यातले पाच हजार आईसाठी पाठवले आणि शुल्क तिसऱ्या दिवशी भरून पावती घेतली. ज्या कार्यालयाशी मी हॉल तिकिटासाठी पत्रव्यवहार केला होता, त्याच कार्यालयाच्या खिडकीवर ती रक्कम भरताना मला पहिल्यांदा तिथे ताठ उभे राहता आले.

आमच्या वर्गातील एकाने ती रक्कम घरच्या कर्जात घातली आणि दुसऱ्या वर्षी थकबाकीमुळे त्याची फार ओढाताण झाली. त्याला दोष द्यावासा मला वाटत नाही. घरची निकड काय असते हे मी जाणते. मात्र रक्कम येण्याआधीच तिची फोड कागदावर मांडून घरच्यांना दाखवली असती, तर कदाचित ते टळले असते.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला उत्तीर्ण असणे आणि 75 टक्के उपस्थिती या अटी होत्या, म्हणून आईच्या आजारपणात गावी गेले तेव्हाही मी दिवस मोजून परतले. अर्ज भरण्यापूर्वी सर्वात आधी सीडिंग तपासले. त्याच संध्याकाळी वसतिगृहातल्या तीन नव्या मुलींचेही तपासले. त्यांतल्या एकीचे आधार शाळेतल्या बंद खात्यालाच जोडलेले निघाले, आणि सकाळी आम्ही दोघी बँक उघडण्याआधी दारात जाऊन उभ्या राहिलो.