जोत्यातले 17 मिलिमीटर

मे महिना, अमळनेर तालुक्यातलं शेतावरचं घर. पहाटेच तयार लाकडी भिंतींच्या पॅनेलचा ट्रक येऊन उभा होता, ते उचलायला साडेसातला हायड्रा क्रेन येणार होती. तोवर आम्ही जोतं मोजायला घेतलं. 8 बाय 6 मीटरचं जोतं, म्हणजे कर्ण बरोबर 10 मीटर यायला हवा. एक भरला 10.012, दुसरा 9.988. समोरची लांब बाजू 15 मिमी सरकलेली होती. पातळी पाहायला पाण्याची नळी लावली, तर ईशान्येचा कोपरा 17 मिमी खाली.

गवंडी मिस्त्री म्हणाले, "प्लास्टरमा निघी जाई, भाऊ."

विटेच्या कामात ते खरंच निघतं. पॅनेलला प्लास्टरच नसतं. 6 मीटरच्या भिंतीचं एक टोक 17 मिमी दबलं की 2.7 मीटर उंचीवर ती साधारण 8 मिमी कलते आणि कोपऱ्यात वर तेवढीच फट उघडते. मग माणसं रंधा घेऊन पॅनेलच तासायला लागतात. आम्ही 5 मिमीपर्यंतचा फरक सोडतो, त्यापुढे नाही. हायड्रा परत पाठवली. भाडं वाया गेलं, घरमालक नाराज झाले, तरी तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

जोत्याची कड सोडून दिली आणि दोरीनं नवा काटकोन आखला. 15 मिमीची चूक दोन बाजूंत वाटली, कुठेच 8 मिमीपेक्षा जास्त तळपट्टी, म्हणजे भिंतीखालचं आडवं लाकूड, बाहेर येऊ दिली नाही. बोल्ट आधी काँक्रीटमध्ये पुरलेले नव्हते, हे नशीब; नाहीतर भोकंच जुळली नसती. खाली ओल अडवणारी पट्टी, तिच्यावर औषध मुरवलेली तळपट्टी, प्रत्येक उभ्या लाकडाखाली म्हणजे दर 600 मिमीला पोलादी पत्र्याच्या चकत्या. उरलेल्या पोकळीत न आकसणारा ग्राऊट, म्हणजे सिमेंटचा मसाला, दाबून भरला. नुसत्या चकत्यांवर सोडलं तर भार ठिपक्याठिपक्यांनी उतरतो आणि मधे तळपट्टी वाकते. ग्राऊट ओल्या गोणपाटानं दिवसभर झाकून ठेवला. खानदेशातल्या मेमध्ये तो तासाभरात तडकतो.

दरम्यान ट्रकमधला माल पाहिला. न्यूझीलंडचा लागवडीतला पाईन, ओलावा 14 ते 16 टक्के. एका गठ्ठ्याच्या तळाची दोन लाकडं मात्र 24 टक्के दाखवत होती, कारण काळा प्लास्टिक कागद घट्ट गुंडाळल्यानं आत घाम धरला होता. ती उन्हात टाकायची नाहीत. एक बाजू आधी वाळते आणि लाकूड धनुष्यासारखं वळतं. कागद फाडून, खाली चौकटी देऊन, सगळा माल निंबाच्या सावलीत रचला. ओलावा 18 च्या खाली येईपर्यंत त्या पॅनेलची आतली बाजू बंद करायची नाही असं ठरलं. प्लायच्या दोन तावांमध्ये 3 मिमीची फट सोडलेली आहे ना, तेही तपासलं. पावसाळ्यात ताव फुगले की ती लागते.

इथल्या काळ्या जमिनीवर हे बांधकाम मला पटतं. नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला 400 किलोच्या वर जाते, ही 50 च्या आसपास. पण हलकी भिंत जमिनीची हालचाल थांबवत नाही, म्हणून पाया फुगणाऱ्या थराखाली न्यावाच लागतो. आणि वाळवीसाठी बाहेरचं आवरण जमिनीपासून 150 मिमी वरच थांबवायचं, म्हणजे मातीच्या नळ्या चढताना दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रा पुन्हा आली. दुपारपर्यंत चारही भिंती उभ्या. ईशान्य कोपऱ्यात वर फट 2 मिमी.