ब्रेअर्लीच्या दारात हुजूरपागेची मुलगी

न्यूयॉर्कात केजीच्या ॲडमिशनसाठी एक वर्ष आधी कामाला लागतात हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. उन्हाळा संपता संपता फॉर्म सुरू, आणि मूल शाळेत जाणार पुढच्या सप्टेंबरात. आम्ही अपर ईस्ट साइडला दोन खोल्यांत भाड्याने राहतो, आणि फक्त मुलींच्या चार नामांकित शाळा, ब्रेअर्ली, चॅपिन, स्पेन्स, नाइटिंगेल, सगळ्या आमच्यापासून चालत जाता येईल अशा. नवरा म्हणाला आधी फी बघ. वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर! मी म्हटलं अर्ज करायला काय जातंय, मदतही मिळते (त्यासाठी टॅक्सच्या कागदांचं बाड जोडायचं, ती वेगळीच कटकट).

ब्रेअर्लीची स्थापना 1884 ची हे वाचून मला एकदम गंमत वाटली, कारण आमची पुण्याची हुजूरपागाही 1884 चीच, रानडे-भांडारकर-मोडकांनी काढलेली, टिळकांची टीका सोसून. त्यामुळे शाळा बघायला गेलो तिथे बाकीचे आईबाप दबून बसले होते तेव्हा मी आपली उगाच जोरात होते, म्हटलं आम्हीही मुलींच्याच शाळेतले, दोन वेण्या वर बांधून गेलेले.

चारही शाळांची हवा मात्र वेगवेगळी. एका ठिकाणी शाळा दाखवायला आलेली दहावीतली मुलगी शिक्षिकेशी गणितावरून बिनधास्त वाद घालत होती, दुसरीकडे सगळं इतकं नीटनेटकं की मीच ओढणी सारखी करत होते. कुठली कुठली ते सांगत नाही. नवऱ्याला काळजी की मुलगे नसले तर पोरीचं कसं होणार, पण मोठ्या वर्गांत इंटरस्कूल म्हणून प्रकार आहे, काही शाळांनी मिळून चालवलेले वर्ग आणि उपक्रम, त्यात कॉलेजिएट, ब्राउनिंग या मुलग्यांच्या शाळांतली मुलंही असतात.

मुलाखतीत विचारलं, मुलीचं वर्णन करा. शेजारचं जोडपं 'क्युरियस, एम्पथेटिक' वगैरे पाठ करून आलेलं, आणि माझ्या तोंडून गेलं, हट्टी आहे. नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. तिकडे लेक गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून आत गेली, कात्रीने गोल कापायला दिला होता म्हणे, हिने चौकोन कापला आणि बाईंना मराठीतून सांगितलं "ही पोळी नाहीये, पराठा आहे".

खरी गोम वेगळीच आहे. भावंडं आणि माजी विद्यार्थिनींच्या मुली यांचा नंबर आधी, आणि नावाजलेल्या नर्सरीच्या संचालिका शाळांशी स्वतः बोलतात. आमचं साधं डेकेअर, आमच्यासाठी कोण फोन करणार.

फेब्रुवारीत मेल आल्या. दोन नकार, एक वेटलिस्ट, आणि एका ठिकाणी होकार, निम्म्या मदतीसकट. आईला पुण्याला फोन केला तर तिने आधी आकडा विचारला, मग बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "तुझ्या वेळी बाबा पहाटे पाचला लक्ष्मी रोडवर रांगेत उभे राहिले होते गं, येताना चितळ्यांचं दूध घेऊन आले."